गुप्तधनाचा निवाडा

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत जेवढं गुप्तधन आजवर निघालेलं नाही, तेवढं सगळं माझ्या मामेसासऱ्यांनी जातीनं तपासलेलं आहे. कुणाच्या नांगराला काही खणकन लागू द्या, कुणाच्या आजेसासूच्या स्वप्नात नाग येऊ द्या, बातमी आधी इंदापूरकडच्या त्यांच्या पेरूच्या बागेत पोचते आणि मग गावात फिरते. बागेच्या तोंडाशी एक बाज टाकलेली असते. तिच्यावर हे तात्या मांडी घालून बसतात आणि आलेल्या माणसाला आधी पाणी, मग पेरू, मग चहा देतात. तोवर धनाबद्दल त्याला एक शब्द काढू देत नाहीत. उपाशी माणूस हंडे वाढवून सांगतो, असा त्यांचा अनुभव आहे.

धनासाठी त्यांनी स्वतः कधी कुदळ उचललेली नाही. बातमी विश्वास ठेवण्याजोगी आहे की नाही, एवढंच ते पारखतात आणि तेही फुकट. पारखण्याची त्यांची पद्धत अशी, की ते धनाकडे बघतच नाहीत, पुरणाऱ्याकडे बघतात. "पुरणारा बी मानूसच हुता, जावईबापू," ते मला नेहमी सांगतात, "त्यालाबी कंबर हुती." मोरगावकडचा एक शेळ्या राखणारा गृहस्थ टेकडीच्या माथ्यावर सोन्याचा हंडा असल्याची बातमी घेऊन आला, तेव्हा तात्यांनी त्याला पाण्यानं भरलेला हंडा घेऊन टेकडी चढून बघायला सांगितलं. तो बिचारा खरोखर चढला. निम्म्या वाटेत त्यातलंच पाणी पिऊन खाली आला आणि म्हणाला, "न्हाय तात्या, एवढ्या वर कोन नेतंय."

वडगाव निंबाळकरला गोठ्याचा पाया खणताना जेसीबी कशाला तरी अडखळला आणि दुसऱ्या दिवशी चालक कामावर आला नाही, तेव्हा तो हंडा घेऊन पळाला म्हणून सगळं गाव पेटलं होतं. तात्यांनी मला बारामतीहून गाडी घेऊन बोलावलं आणि आम्ही थेट चालकाच्या घरी गेलो. तो गालाला फडकं बांधून दाढदुखीनं विव्हळत पडला होता. तात्यांनी त्याला लवंग दिली, त्याच्या म्हशीचं कौतुक केलं आणि परत येऊन गावाला सांगितलं, "ज्याच्या घरात सोन्याचा हंडा आला, तो आधी दाढ काढून घील."

एकदाच मी त्यांना थोडं कडक झालेलं पाहिलं. नरसिंहपूरच्या वाटेवरच्या एका वस्तीत कुणी बुवा येऊन एका विधवा बाईच्या स्वयंपाकघराखाली धन असल्याचं सांगत होता आणि पूजेसाठी तिच्या दोन्ही गाई मागत होता. तात्यांनी बुवाच्या पायाला हात लावला आणि अत्यंत नम्रपणे विचारलं, "महाराज, तुमाला जमिनीच्या पोटातलं दिसतं. आमच्या गावात तीन बोअर कोरड्या गेल्या. चौथी कुठं घ्यावी, तेवढं सांगा. पानी लागलं की बाईच्या घरात मी सोता कुदळ मारतो." बुवानं चहा अर्धवट टाकला आणि एसटी गाठली. गाई अजून त्या बाईच्या दारात आहेत.

अशा या माणसाविषयी त्यांच्याच घरात एक अफवा होती, हे मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं. तात्यांचं जुनं गाव उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलं. त्यांच्या आईकडे सोन्याच्या पुतळ्यांची माळ होती. थोरल्या भावाच्या, आबांच्या, लग्नात नव्या सुनेच्या गळ्यात घालायला ती माळ निघेना, तेव्हा आई म्हणाली, "जुन्या घराच्या उंबऱ्याखाली पुरून ठेवली हुती. निघायच्या गडबडीत काढायची ऱ्हायली." आता, जुन्या घरातून शेवटची बैलगाडी भरून निघाले होते ते तात्या. आबांच्या मनात किल्मिष आलं ते तिथं. आबा शिकलेले, तालुक्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांनी भांडण केलं नाही, फक्त बोलणं थांबवलं. दोघा भावांच्या घरांमध्ये एक ओढा आहे. तो ओलांडायला आबांना उभा जन्म लागला.

ते आले तेव्हा मी योगायोगानं बागेतच होतो. उन्हं कलती होती. आबा काठी टेकत आले आणि बाजेच्या कडेला बसले. तात्यांनी पाणी दिलं. मग पेरू कापून दिला. मामींनी चहा आणला. आबांनी चहा संपवून बशी खाली ठेवली. मग आबा म्हणाले, "लोकं तुझ्याकडं येतात, तसा आलोय. माझ्या आईनं माळ पुरली म्हणतात. खरं का खोटं, ते तपासून सांग."

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "इचारू का?"

"विचार. सगळ्यांना विचारतोस तसंच विचार."

"पुरणारी बाई कशी हुती?"

आबांनी काठी बाजेला टेकवून ठेवली. "देवभोळी. पण व्यवहाराला पक्की. कुणावर ओझं टाकायची नाही."

"खोटं बोलायची?"

"कधीच नाही."

"मग माळ हाय तितंच," तात्या म्हणाले. "पन गाळ लय बसलाय, आबा. पुरुषभर गाळ. आपल्याच्यानं निघायची न्हाय."

मी चकित होऊन ऐकत होतो. एवढ्या वर्षांत तात्यांनी एकही बातमी खरी ठरवलेली नव्हती. आबांचे खांदे मात्र सैल झाले. ते म्हणाले, "म्हणजे तू काढली नाहीस." तात्या म्हणाले, "न्हाय." आबांनी उठताना दोन पेरू स्वतःच्या हातानं उचलून खिशात घातले, आणि मामी आत जाऊन रडल्या.

आबा ओढ्यापलीकडे गेल्यावर मी विचारलं, "तात्या, खरंच आहे का तिथं?"

"कुठली हाय," ते म्हणाले. "आबाला बारामतीच्या बोर्डिंगात घातलं, त्याच साली त्या खर्चापायी आईनं ती सोनाराला इकली. मी बारका हुतो. तिचा पदर धरून मीच गेलतो संगं."

"मग इतकी वर्षं तुम्ही हे अंगावर का घेतलंत?"

"आईनं सांगितलं हुतं, त्याला कळू द्यायचं न्हाय. आबाला शाळेची लय हौस. हे कळलं असतं तर परत आला असता बैलामागं." मग टोपी डोक्यावर चढवत म्हणाले, "मला काय, बैलं आवडायचीच."

तेव्हापासून उन्हाळ्यात उजनीचं पाणी ओसरलं, की दोघं भाऊ जुन्या गावाच्या जागी जायचं म्हणतात आणि मी गाडी काढतो. रोहित पक्ष्यांचे फोटो काढायला पुण्याची माणसं आलेली असतात, त्यांच्यामधून हे दोघं भेगाळलेल्या गाळात उतरतात. देवळाचे दगड ओळखतात, विहीर ओळखतात, कुणाची भिंत कुठं होती यावर वाद घालतात. घराशी पोचले की आबा काठीनं दाखवतात, "इथं असेल." तात्या वाकून बघतात आणि म्हणतात, "हितंच असंल. पन आवंदा वल लय हाय."

यंदा आबांच्या गुडघ्यांनी नकार दिला. ते काठावरच्या बाभळीखाली माझ्याजवळ बसले आणि तात्या एकटेच खाली गेले. वाऱ्यानं फडफडणारं धोतर सावरत ते लहान लहान होत गेले, आणि एका जागी थांबून वाकले. आबांना आता लांबचं दिसत नाही. त्यांनी विचारलं, "काय करतोय तो?"

"उंबरा शोधतायत," मी म्हणालो.

"त्याला म्हणावं, ऱ्हाऊ दे आता," आबा म्हणाले. "ऊन लागंल त्याला." आणि स्वतःचं उपरणं काढून त्यांनी माझ्या हातात दिलं, त्याला नेऊन द्यायला.