पडद्याआडून मागितलेले रोबोट

आमचे मालक औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यातून घरी आले, तेव्हा आमची पोरगी चार-साडेचार वर्षांची होती. ते रिक्षातून उतरले, मी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि पोरगी त्यांच्याकडं बघून जी किंचाळली ती थेट शेजारच्या घरात पळाली. संध्याकाळी शेजारच्या काकूंनी तिला कडेवर आणलं. त्यांच्या खांद्यात तोंड खुपसून ती म्हणाली, "हे पप्पा न्हाईत. माझे पप्पा मिलमधी गेलेत."

ते जालन्याच्या एका सळईच्या मिलमध्ये रोलवर कामाला होते. भट्टीतून आलेली लाल सळई चिमट्यानं धरायची आणि पुढच्या रोलात घालायची. एके दिवशी सळई रोलात शिरलीच न्हाई. उसळली आणि वेटोळं घेत यांच्या अंगावर आली. उजवा हात, मान, कान, अर्धा चेहरा भाजून निघाला. डोळा तेवढा वाचला. मानेची कातडी भरून येताना अशी आवळली की हनुवटी खांद्याकडं ओढल्यासारखी झाली. कुणी हाक मारली तर त्यांना सगळं अंग फिरवून बघावं लागे.

घर चालवायला मी बियाण्याच्या कंपनीत पाकिटं भरायला जाऊ लागले. बियाण्याला लावलेल्या औषधाचा गुलाबी रंग नखात बसायचा, कितीही घासला तरी निघायचा न्हाई. दिवसभर घरी हे आणि पोरगी दोघंच, काकूंचं येताजाता लक्ष. दोन खोल्यांमध्ये माझ्या जुन्या साडीचा पडदा होता. हे बाहेरच्या खोलीत, ती आतल्या. तिला बाहेर जायचं असलं की हे तोंडावर टॉवेल घ्यायचे आणि ती भिंतीला घासत पळायची.

डॉक्टरांनी बजावलं होतं, बोटं चालती ठेवा, न्हाईतर अशीच आखडतील. कणीक मळायला सांगितली होती. यांनी दोन-तीन दिवस मळली, मग परात ढकलून दिली. "बायकोनं कमवायचं अन् म्या कणीक मळायची," एवढंच बोलले.

त्याच सुमारास पुण्याहून माझ्या भावानं त्याच्या पोरांची जुनी खेळणी पिशवीभर पाठवली. बहुतेक सैनिक होते, हातपाय सांध्यात वळणारे, छातीवर पट्टे, हातात बंदुका. कुणाचा हात तुटलेला, कुणाचं नाक झिजलेलं. पोरीनं त्यातला एक पसंत केला, त्याला उजवा हातच नव्हता. दिवसभर तो घेऊन फिरली आणि रात्री पडद्याजवळ विसरली. सकाळी बघते तर हे त्याला काचपेपरनं घासत बसलेले.

"काय करून राह्यले?" मी विचारलं.

"पोरगी टीव्हीवर रोबोट बघती ना शेजारी. त्याचा रोबोट करतो."

सैनिकाचा जुना रंग त्यांनी सगळा उतरवला. बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलचा तुकडा कापून हाताच्या जागी बसवला, त्यावर बारीक तार गुंडाळली. आधी सगळ्या अंगाला लाल ऑक्साइडचा थर दिला, तो वाळल्यावर चंदेरी रंग. नंबरप्लेटवाल्याकडून मागून आणलेल्या रेडियमच्या चमकत्या चिकटपट्टीतून दोन लाल डोळे कापले. ब्रश बोटांत धरवत नव्हता, म्हणून तो मनगटाला रबरानं बांधला. रंग इकडंतिकडं जायचा, ते घासायचे आणि परत लावायचे. आठवडा गेला असेल. मग त्यांनी तो रोबोट पडद्याखालून आत सरकवला.

मी चुलीपाशी होते. पोरीनं तो उचलला, उलटासुलटा केला. मग पडद्याकडं तोंड करून म्हणाली, "ह्याला तोंड का न्हाई?"

बाहेरून आवाज आला. "रोबोटला लागत न्हाई."

"मंग जेवतो कसा?"

"तेल पितो."

"गोडं का मोटारीचं?"

हे हसले. घरी आल्यापासून पहिल्यांदा. ओढलेल्या ओठातून ते हसणं शिट्टीसारखं निघालं, पण पडद्यामुळं पोरीला दिसलं न्हाई.

त्यानंतर पिशवीतला एकेक सैनिक पडद्याखालून बाहेर जायचा आणि रोबोट होऊन आत यायचा. ती आतून मागणी करायची. उडणारा पाहिजे. नांगर धरणारा पाहिजे. एक बाई-रोबोट पाहिजे, तिला वेणी पाहिजे. वेणीला यांनी मोटारीतली तांब्याची तार पिळून लावली. बोटं मोकळी होत गेली, मनगटाचं रबर सुटलं. रंग इतका नेटका बसू लागला की मिलमधले सोबती बघायला आले. त्यातला एक कधीपासून आत येत नव्हता, दारातूनच परत जायचा, अपघात झाला तेव्हा तोच लाल सळई दुसऱ्या टोकाला सांभाळत होता. तो आला, एक रोबोट हातात घेतला आणि ढसाढसा रडला. यांनी त्याला म्हटलं, "घरी लेकरू हाय ना तुला? ने त्याला."

माझे दीर मात्र गावाकडून आले तेव्हा म्हणाले, "दादा, बाहुल्या रंगवून राह्यला का आता?" यांनी ब्रश रंगात बुडवला.

पुढं पोरगी पडद्याबाहेर येऊन बसू लागली. पण पाठमोरी. त्यांच्या पाठीला पाठ लावून बसायची आणि खांद्यावरून हात मागं करायची, "डोळा द्या, मी चिकटवते." तोंडाकडं बघायची न्हाई. यांनीही कधी वळवलं न्हाई तिला. मला वाटायचं, एवढं झालं तर उरलेलंही होईल.

पहिलीत घातलं तेव्हा हे म्हणाले, मी सोडतो शाळेत. नवा सदरा घातला, मानेला उपरणं गुंडाळलं. पोरगी बोट धरून निघाली, मला तर देवच पावल्यासारखं झालं. मी जरा मागून चालले होते. शाळेच्या फाटकात दोन पोरं यांना बघून ओरडली, मग सगळीच गोळा झाली. बाई बाहेर आल्या, पोरांना गप्प करून पोरीला विचारलं, "कोण गं हे तुझे?"

पोरीनं बोट सोडलं. "आमच्या इथं राह्यतात," ती म्हणाली.

हे तसेच सगळं अंग फिरवून माघारी वळले. वाटेत मला एवढंच म्हणाले, "लहान हाय." संध्याकाळी ती आली तेव्हा नेहमीसारखे रंगवत बसले होते. तीही नेहमीसारखी पाठीला पाठ लावून बसली. शाळेकडं मात्र ते परत कधी गेले न्हाईत.

तिसरीत होती ती, तेव्हा यांनी मानेच्या ऑपरेशनचं काढलं. आवळलेली कातडी सोडवून मांडीची लावतात म्हणे. "मान सुटली तर बराबर दिसंल जरा," असं मला म्हणाले. मी अडवलं न्हाई, मलाही वाटत होतं. ऑपरेशन नीट झालं. नंतर जखम चिघळली, ताप चढला तो उतरलाच न्हाई. शेवटी बोलता येईना. बोटं चादरीवर हलत होती, बारकं बारकं, ब्रश फिरवल्यासारखी.

गेल्यावर त्यांना हसनाबादच्या पलीकडं आमच्या गावी नेलं. अंगणात माणसं जमली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत लाकडं भरायला लागली. पोरगी माझ्याजवळ बसून ते बघत होती. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, पप्पाला परत भाजणार?"

मी उठले. पदर सावरून सासऱ्यांपुढं गेले. एरवी मी त्यांच्याशी दाराआडूनच बोलायची. "मामा, यांना जाळू नका. माती द्या."

दीर म्हणाले, "वहिनी, असं कुठं असतं का? लेकराला देतात माती, न्हाईतर साधूला. लोक काय म्हणतील?"

सासरे ओट्यावर बसले होते. त्यांनी मलाच विचारलं, "कोण म्हणलं असं?"

मी पोरगी काय बोलली ते सांगितलं. मग ते काठी टेकत स्वतः ट्रॉलीपाशी गेले आणि एक लाकूड ओढून खाली टाकलं. "खाली करा," म्हणाले. "टिकाव-फावडी घ्या."

शेताच्या वरच्या बांधाला माती दिली. भावकीतले बरेच जण दशक्रियेला आले न्हाईत. तिसऱ्या दिवशी राख सावडायला काही नव्हतं, सासऱ्यांनी मूठभर माती उचलून पंच्याच्या टोकाला बांधली.

जालन्याला आल्यावर पोरीनं सगळे रोबोट एका पत्र्याच्या डब्यात भरून माळ्यावर ठेवायला लावले. पुढं उन्हाळ्यात रंग पाघळून ते एकमेकांना चिकटले. ओढून सुटे करायला गेलं तर चंदेरी पापुद्रे निघत, म्हणून तसेच ठेवले.

आता ती नोकरी करते. शाळेच्या फाटकातलं तिला काहीच आठवत न्हाई. तिच्या आठवणीत पप्पा तिला रोज शाळेत सोडायचे. ती ते इतक्या खात्रीनं सांगते की मी नुसती ऐकून घेते.