मी नसल्यावर चालतंय का?

सॉफ्टवेअर विकायला आलेल्या माणसाला यमुनाताई आधी जेवायला बसवायच्या. तो कितीही टाय-बिय लावून आलेला असो, आमच्या चाकणच्या गेस्ट हाउसमध्ये त्याला ट्रेनी पोरांच्या पंगतीत बसावंच लागे. तो पोरांशी बोलतो की नुसता मोबाइल चोळत बसतो, हे त्या स्वयंपाकघराच्या दारातून बघत. मोबाइल चोळणाऱ्याला पोटभर वाढून वाटेला लावत. त्याचा लॅपटॉप उघडायचाच नाही.

मी त्यांचा मॅनेजर. ताई मूळच्या लातूरकडच्या. नवरा गेल्यावर त्यांनी तळवड्यात खाणावळ काढली. चाकणला कारखाने वाढले, तशी बाहेरगावच्या पोरांसाठी एकामागून एक तीन गेस्ट हाउस झाली. पसारा वाढला, पण कारभार सगळा ताईंच्या डोक्यात. कोणती खोली कधी रिकामी होणार, कुणाचा डबा कोणत्या गेटवर जाणार, सगळं त्यांनाच फोन करून विचारायचं. लग्नात अक्षता टाकतानासुद्धा फोन कानाला. आम्ही वैतागायचो, त्यांना मात्र ते मनापासून आवडायचं.

मग ओळखीतले एक खाणावळवाले हार्ट अटॅकनं गेले आणि सगळा कारभार त्यांच्याच डोक्यात असल्यानं बघता बघता धंदा बसला. पोळ्या लाटणाऱ्या बायका रस्त्यावर आल्या. त्यातल्या दोघींना ताईंनी आमच्याकडे घेतलं. पुढे थोड्याच दिवसांत ताईंच्या पोटात कॅन्सर निघाला. दवाखान्याच्या पार्किंगमध्ये त्यांनी मला तो असा सांगितला, जणू गॅस सिलिंडर संपत आलाय.

"माझ्या बायका रस्त्यावर येऊ द्यायच्या न्हाईत," त्या म्हणाल्या. "सिस्टिम आणायची."

हिंजवडीच्या मोठ्या हॉटेलांत चालणारी सिस्टिम आधी आली. दिसायला एकदम झकास. पण तिचा दिवस सकाळी अकराला संपायचा, तोवर खोली रिकामी करायचीच. ताईंनी विचारलं, अकराला रात्रपाळीचं पोरगं नुकतं झोपलेलं असतं, त्याला उठवू का? दुसरा विक्रेता चांगला बोलका होता. प्रत्येक गोष्टीला मालकाची मंजुरी मोबाइलवर, असं सांगून तो म्हणाला, "ताई, तुमच्याशिवाय पान हलणार नाही." सगळे मालक यावर खूश होत असणार. ताईंचा चेहरा उतरला. बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही की आपलं चुकलं कुठे.

तिसरी सिस्टिम अगदीच साधी, मराठीत, पाळीप्रमाणे खोल्या आणि जेवण दाखवणारी.

"मी नसल्यावर चालतंय का हे?" ताईंनी विचारलं.

चालेल की, म्हणाला ती विकणारा.

"मग माझं नाव त्यात टाकूच नका."

त्यानंतर कुणीही फोन केला की एकच उत्तर, सिस्टिमला विचार. बायका रडल्या, माझ्याशी भांडल्या, डबे चुकले. ताईंनी मन घट्ट करून एकही डबा स्वतः मार्गी लावला नाही. हळूहळू सगळ्यांना जमलं. मग फोन येणंच थांबलं आणि ताई वाकडला लेकीच्या फ्लॅटवर राहायला गेल्या.

मी भेटायला जायचो. जाईन तेव्हा विचारत, काही अडलंय का? नाही ताई, सगळं सुरळीत, असं मी छाती फुगवून सांगायचो. एकदा हे ऐकून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. लेक बाहेर आल्यावर हळूच म्हणाली, "दिवसभर फोन हातात धरून बसते हो. एकाचाही येत नाही."

पुढच्या खेपेला मी थापा मारल्या. भाजीवाला उलटा बोलतोय, दोन बायकांचं बिनसलंय, नव्या पोराला तिखट चालत नाही. ताई उशीला टेकून बसल्या आणि एकेकाचा निकाल लावला. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "लबाड बोलायलास तू." मग त्यांनीच विचारलं, "बरं, आणखी काय अडलंय?"

ताई एका सकाळी गेल्या. आम्ही काही जण वाकडला धावलो. मागे राहिलेल्या बायकांनी डोळे पुसत काम केलं, आणि तिन्ही ठिकाणचे डबे नेहमीच्या वेळेला निघाले. त्यांना हवं होतं तसंच झालं. पण निदान त्या दिवशी तरी एखादा डबा चुकायला हवा होता.