भावी डॉक्टर

दहावीचा निकाल लागला त्या दिवशी हौसेरावनं सुनयनाला एकच गोष्ट विचारायला हवी होती, की बाई, तुला पुढे काय शिकायचंय? पण निकालाच्या दिवशी असलं काही विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. पद्धत आहे ती फ्लेक्स लावायची.

हौसेराव वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. मूळचा सातारा जिल्ह्यातल्या पाटणकडचा, आता कोपरखैरणेचा. उमेदीची सगळी वर्षं पाठीवर गोण्या वाहण्यात गेली. माथाड्याचं कुठलंच काम एकट्याचं नसतं, सगळं टोळीचं. दुखणं टोळीचं, लग्न टोळीचं, मग पोरीचा निकाल तरी एकट्या बापाचा कसा राहील? चहाचे ग्लास हातात घेऊन टोळीनं उभ्या उभ्या ठरवलं, एवढे मार्क म्हणजे सायन्सच. मुकादम विश्वजित म्हणाला, "आपल्या टोळीत डॉक्टर नव्हता, तो झाला." संध्याकाळी सोसायटीच्या कोपऱ्यावर फ्लेक्स चढला. मधोमध सुनयनाचा पासपोर्ट फोटो ताणून ताणून दुरडीएवढा केलेला, वर 'भावी डॉक्टर', आणि खाली शुभेच्छुक म्हणून अख्खी टोळी, कुणी गॉगल लावून, कुणी फेटा बांधून. शुभेच्छुकांच्या गर्दीत पोरीच्या मार्कांना जागा उरली नव्हती. अकरावीचा अर्ज अजून भरायचाच होता. पण कोपऱ्यावर एवढं छापून टांगल्यावर तो दुसरा कसला भरणार?

गणपतीत त्या जागी दुसरा फ्लेक्स आला आणि हा घरी परतला. राहीबाईनं, म्हणजे सुनयनाच्या आईनं, तो गॅलरीच्या जाळीला बांधून टाकला, पाऊस आत यायला नको म्हणून. चांगली बाजू भिजेल म्हणून आतल्या अंगाला केली. सुनयनाची अभ्यासाची जागा गॅलरीतच. वर्षभर ती स्वतःच्याच तोंडाखाली बसून फिजिक्सची गणितं सोडवत राहिली. सोडवत कसली, नुसती बघत राहिली. ताटातली भाकरी अर्धी राहायला लागली. काही विचारलं की "चाललंय" म्हणायची. अकरावी काठावर निघाली तेव्हा राहीबाई म्हणाली, बारावीत भरून काढेल. हौसेराव मार्केटातून आला की त्याच्यात बोलण्याएवढा जीवच उरत नसे, आणि खरं सांगायचं तर विचारायचीही भीती वाटत होती.

बारावीचे वर्ग सुरू झाल्यावर एका सकाळी तो निघायला लागला, तशी ती दारात येऊन उभी राहिली.

"पप्पा, आज कॉलेजला याल? शर्मिला मॅडमनी बोलावलंय."

"काय केलंस?"

"काही नाही केलं. मला सायन्स नाही जमत, पप्पा. खूप ट्राय केलं. मॅडम म्हणतात, बारावीला आर्ट्सला जाता येतं. भूगोल घेता येईल. पण पालकांची सही लागते, आणि आज लास्ट दिवस आहे."

"बघू," हौसेराव म्हणाला. त्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही', हे दोघांनाही माहीत होतं. सुनयना आत गेली.

त्या दिवशी कांद्याच्या गाड्या एकामागून एक लागल्या होत्या. गोणी वाहायला माणूस एकटा पुरतो, पण पाठीवर चढवायला दोघं लागतात आणि उतरवून घ्यायलाही कुणीतरी लागतं. हौसेराव गोणी घेऊन थप्पीपाशी पोचला तर घेणारा मिथुन जागेवर नव्हता. तंबाखू मळायला गेला असेल. गोणी टाकून द्यावी तर कांदा फुटतो, आणि उकिडवं बसावं तर परत उठणं नाही. तो तसाच वाकून उभा राहिला. गुडघे थरथरायला लागले, घाम डोळ्यांत उतरला. हाक मारावी तर एवढ्या वर्षांच्या हमालाला लाज वाटते. मिथुन आला, गोणी उतरली, पण हौसेराव लगेच सरळ झाला नाही. त्याला सकाळची पोरगी दिसत होती. तिनं निदान हाक तरी मारली होती.

तो विश्वजितकडे गेला. "मुकादम, मी जातो. पोरीचे इषय बदलायचे हायत."

"म्हंजे? डॉक्टर?"

"न्हाई व्हायची."

मागून कुणीतरी हसलं, "मग आमचे गॉगलवाले फोटो वाया गेले म्हना की!" एरवी हौसेराव असल्या बोलण्यावर अंगावर धावून गेला असता. आज त्याच्यात तेवढीही ताकद नव्हती. खांद्यावरचा टॉवेल झटकून तो रिक्षात बसला.

कॉलेजात शर्मिला मॅडमनी त्याला खुर्ची दिली. कपड्यांना कांद्याचा वास येत होता म्हणून तो टोकावर बसला.

"कुठं सही करू?" त्यानं विचारलं.

"करा, पण आधी तिचं ऐका."

सुनयना आधी अडखळली, मग बोलायला लागली. आपल्या पाटणला पावसानं घरं शेवाळतात आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात प्यायला टँकर लागतो, ते का, हे तिला सांगता येत होतं. डोंगर ढगांना कसा अडवतो हे ती हातांनी दाखवायला लागली. हौसेराव त्या हातांकडे बघत बसला. डोंगराचं त्याला फारसं कळलं नाही. पोरगी वर्षभरात एवढं बोलली नव्हती, हे मात्र कळलं. त्यानं सही केली.

बाहेर पायऱ्यांवर तो थांबला. "कधीपासून गं तुला हे नको होतं?"

"फ्लेक्स लावला त्या दिवसापासून."

"मग तवाच का न्हाई बोललीस? मी काय खाल्लं असतं तुला?"

सुनयना दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली. "तुम्ही त्या फ्लेक्सखाली उभं राहून फोटो काढून घेत होता ना, पप्पा. तुम्हाला तेवढं हसताना मी कधी बघितलंच नव्हतं. म्हटलं, राहू दे."

हौसेराव मटकन खालच्या पायरीवर बसला. पोरं येत जात होती, त्याला वळसा घालून जात होती. त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं, परत पुसलं.

"चला पप्पा, घरी जाऊ," म्हणत सुनयनानं त्याला उठवायला हात पुढे केला. त्यानं तो धरला, आणि बराच वेळ तसाच धरून बसला.