महिनाभराचा आराम

यजमानांच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली आणि ऑपरेशनला महिना होता, तेव्हा मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे त्यांना अंथरुणात घातलं. सकाळचं दूध आणणं, कुंड्यांना पाणी, रविवारी मंडईतून भाजी, सगळं बंद. जेवणाचं ताट हातात, वर तुपातला शिरा. भेटायला येणारे माझं कौतुक करत आणि मला ते आवडत होतं, खोटं कशाला बोलू?

ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तपासायला बोलावलं. त्यांनी यजमानांना जिन्याकडे नेलं आणि दोन मजले चढायला सांगितलं. कर्वेनगरातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर भाजीच्या दोन पिशव्या घेऊन चढणारा हा माणूस पहिल्याच वळणावर धापा टाकत खाली बसला.

हे कधीपासून, असं बाईंनी विचारलं. महिनाभर मी यांना जागचं हलू दिलेलं नाही, असं मी ठसक्यात सांगितलं.

"तेच चुकलं. ऑपरेशननंतर छातीत कफ साठतो, न्यूमोनिया होऊ शकतो. आधीपासून चालता-फिरता असलेला माणूस त्यातून लवकर सावरतो," त्या म्हणाल्या. सर्जनशी बोलून त्यांनी ऑपरेशन दोन आठवडे पुढे ढकललं आणि रोज चालायला सांगितलं. मला इतका राग आला की घरी जाताना रिक्षावाल्याशी मी सुट्ट्या पैशांवरून भांडले. राग बाईंचा नव्हता, हे घरी आल्यावर कळलं.

आता यजमान उठेनात. सवय मीच लावलेली. शेवटी मी घरातला चहा बंद केला. चहा हवा तर अमृततुल्यात चला. आधी कोपऱ्यावरचं, दोन दिवसांनी चौकातलं, मग त्याच्याही पुढचं. मध्ये दम लागला की थांबायचं, पण रिक्षा नाही. खालच्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, "वहिनी, पेशंटला मॅरेथॉनला उतरवताय का?" मी म्हटलं, तुम्हीही चला, पोट कमी होईल.

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी ताप चढला, छातीत घरघर सुरू झाली, ऑक्सिजन लावला. मी बाहेरच्या बाकड्यावर बसून एकच हिशोब करत होते, दोन आठवडे चालवलं पण त्याआधी महिनाभर झोपवलं. सहाव्या दिवशी ताप उतरला. तो महिना वाया गेला नसता तर हे टळलं असतं का, असं मी बाईंना विचारलं. तसं नक्की कुणालाच सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. त्यापेक्षा त्यांनी मला दोष दिला असता तर बरं झालं असतं.

आत गेले. यजमान उशीला टेकून पेज पीत होते. चूक माझी होती, असं मी त्यांना सरळ सांगितलं.

"तू झोपा म्हणालीस, पण झोपलो तर मीच ना," ते म्हणाले. "मला भीती वाटत होती गं. पांघरूण घेतलं की जरा बरं वाटायचं."

महिनाभर मी त्यांना शिरा हवा का, पंखा वाढवू का, पाय चेपू का, सगळं विचारलं होतं. एवढं मात्र एकदाही विचारलं नव्हतं.