वर्नाच्या घरावरचा धूर

लेस्टर पेंग्लेझने झीहान गावात चाळीस वर्षं लोकांच्या लोखंडी चुलींना धुराडी बसवली. माणूस तोंडाचा फटकळ, पण कामाला चोख. पाइप लाकडी भिंतीला टेकू द्यायचा नाही, त्याचं तोंड छपराच्या आढ्याहून वर न्यायचं, आणि वर टोपी बसल्याशिवाय खाली चूल जोडायची नाही. शेवटचा नियम त्याने जन्मात एकदाच मोडला, तोही सख्ख्या बहिणीसाठी.

वर्ना त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी, अठ्ठ्याहत्तरीची, एकटी. जुन्या खाणींनी गावाचं पोट पोखरलेलं. त्या हिवाळ्यात जमीन खचली आणि तिचं विटांचं धुराडं मधोमध तडकलं. लेस्टरने आत दिवा सोडून बघितलं.

"ताई, हे गेलं कामातून. यात विस्तव केलास तर माळा पेटेल."

"मग थंडीने मरू?"

"मरू नकोस. भिंतीतून नवा पाइप काढतो."

झीहानमध्ये म्हाताऱ्यांची खबर धुरावरून घेतात. सकाळी सातला धूर दिसला की म्हातारी उठली, ठीक आहे. वर्नाच्या लेकीने होबार्ट शहरातल्या वृद्धाश्रमात खोली बघून ठेवली होती आणि शेजारच्या ग्वेन्डाला बजावलं होतं, की धूर दिसला नाही तर मला फोन कर, मी येऊन आईला घेऊन जाते. ग्वेन्डा बिचारी तीन दिवस गप्प राहिली. चौथ्या दिवशी वर्नासमोरच म्हणाली, "लेस्टर, उद्याच्या उद्या धूर दिसला नाही तर मी फोन करणार बाबा. काही बरंवाईट झालं तर माझ्या माथी नको."

त्याच दुपारी लेस्टरचं घोडं अडलं. भिंतीला ऐसपैस भोक पाडून झालं, दुहेरी पत्र्याचा पाइप त्यातून बाहेर काढून वर वळवला, आणि दोन तुकडे कमी पडले. घाटात बर्फ पडल्याने ट्रक गुरुवारी येणार. पाइपचं तोंड छपराच्या कडेखालीच राहिलं.

"वारा सुटला की सगळं उलटं घरात येईल," त्याने सांगितलं. "धुराचा वास तरी येतो. मारणाऱ्या वायूला वासही नसतो. दोन दिवस माझ्याकडे चल."

"एकदा इथून पाय काढला की लेक परत आत येऊ देणार नाही. नाही येत, जा! पण चूल जोडून तरी जा रे. ते उघडं भोक बघून जीव घाबरतो. पेटवणार नाही, आईची शपथ."

लेस्टर पुटपुटला, त्याने शिव्या दिल्या आणि चूल जोडली. बहिणीपुढे कुणाचं चालतं?

बुधवारी सकाळी पावाच्या दुकानात ग्वेन्डा भेटली. "झालं बाई एकदाचं तुझं काम! वर्नाचा धूर दिसला. लेकीलाही कळवलं, आई मजेत आहे म्हणून."

लेस्टर पाव तिथेच टाकून पळाला. सत्तरीचे पाय ते, किती पळणार! वर्नाच्या खिडक्या घट्ट बंद. थंडी येऊ नये म्हणून दाराच्या फटीत टॉवेल कोंबलेला. त्याने खांद्याने दार फोडलं आणि खुर्चीतल्या वर्नाला ओढत ओसरीवर आणलं. तिचे गाल चांगले गुलाबी दिसत होते, त्या वायूने होतात तसे. हात मात्र गार पडले होते.

पोलीस आला, वही काढली. ग्वेन्डा रडत रडत लेस्टरच्या कानाशी लागली, "तिनेच जोडली म्हणून सांग. हट्टी होती, गावाला ठाऊक आहे. तिला आता काय फरक पडतो?"

"अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई पाइपला चूल जोडते होय? काहीतरीच!" लेस्टर खेकसला आणि पोलिसाकडे वळला. "लिहा साहेब. मी जोडली. पाइप अर्धवट आहे हे माहीत असून जोडली."

मग ग्वेन्डाच्या घरात जाऊन त्याने स्वतः होबार्टला फोन लावला. "मी मामा," एवढंच तो म्हणाला; भाचीने त्याला पुढे बोलूच दिलं नाही.

"मामा, कमाल केलीस हं! मी आत्ताच ती खोली नको म्हणून कळवून टाकलं. राहू दे तिला तिच्या घरी."