पद्माकरनं लिहिलेलं शिफारसपत्र

आमच्या पद्माकरला आयर्लंडमधल्या स्लायगोच्या कारखान्यात सगळे पॅडी म्हणतात. पुण्याहून आलेल्या, सव्वापाच फुटी, पक्क्या शाकाहारी माणसाचं असं अस्सल आयरिश नाव ठेवायला इथल्या लोकांना एक आठवडा पुरला. त्यालाही ते आवडतं. मी त्याची बायको, वृंदा. मी पद्माकरच म्हणते, आणि चिडले की आडनावासकट हाक मारते.

कारखान्यात हॉस्पिटलात लागणाऱ्या नळ्या बनतात आणि निर्जंतुक पाकिटांत बंद होऊन बाहेर पडतात. ती पाकिटं बंद करण्याच्या विभागाचा पद्माकर प्रमुख. कामात चोख, वेळेला पक्का, आणि आपलं चुकलं असेल असं सहसा न वाटणारा. त्याच्या हाताखाली चौदा माणसं, त्यातली एक अट्रॅक्टा. वय अठ्ठेचाळीस, शाळा पंधराव्या वर्षी सुटलेली, अकरा वर्षं एकाच मशीनवर.

२०२१चा जानेवारी होता. कोरोनामुळे गाव बंद, कारखाना चालू. अट्रॅक्टानं पद्माकरला चहाच्या सुट्टीत गाठलं. तिला गावातल्या कॉलेजात वृद्धांची आणि अपंगांची काळजी घेण्याचा कोर्स करायचा होता. मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांसाठी तिथे वेगळ्या जागा होत्या, पण मोजक्या. दाखवायला मार्कशीट नाही, तेव्हा सगळी भिस्त वरिष्ठाच्या शिफारसपत्रावर. ते बंद पाकिटात हवं, चिकटवलेल्या जागेवर लिहिणाऱ्याची आडवी सही हवी, आणि बाकीच्या कागदांसोबत महिनाअखेरपर्यंत पोस्टानं पोचायला हवं.

"अगदी आनंदानं," पद्माकर म्हणाला. "तू लिहून आण, मी सही करतो."

यात त्याला काहीच वावगं वाटलं नाही. आपल्याकडे हेच चालतं. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी होस्टेलवर चार मित्रांनी मिळून एकच मसुदा केला होता, त्यामुळे चौघंही सरांचे 'वीस वर्षांतले सर्वोत्तम विद्यार्थी' ठरले. सरांनी एका चहात चारही पत्रांवर न वाचता सह्या ठोकल्या. मला हे लग्नानंतर कळलं, तोवर उशीर झाला होता.

अट्रॅक्टा गोंधळली, पण साहेबानं सांगितलं म्हणून तिनं लिहून आणलं. पद्माकर तो कागद घरी घेऊन आला. चार वाक्यं होती. मी अकरा वर्षं इथे आहे. मी कधी उशिरा येत नाही. माझं कुणाशी भांडण नाही. शाळेत मी काही हुशार नव्हते.

"हे शेवटचं कशाला लिहायचं?" पद्माकर वैतागला. "स्वतःच्या पायावर धोंडा!"

"तू तिला स्वतःची स्तुती करायला सांगितलीस म्हणून," मी म्हटलं. "अरे, अंगात ताप असला तरी 'ग्रँड', म्हणजे एकदम मजेत, म्हणणारी माणसं ही. त्यांच्याकडून कसली स्तुती होतेय?"

मग त्यानं लॅपटॉप उघडला आणि तासाभरात दीड पान लिहिलं. अत्यंत मेहनती, कल्पक, नेतृत्वगुणांनी संपन्न. मी वाचलं.

"मस्त आहे. नाव बदलून माझं घाल. नाहीतर समोरच्या घरातल्या कुत्र्याचं घाल, त्यालाही शोभेल. पद्माकर, या बाईनं एवढ्या वर्षांत नक्की केलंय काय?"

त्यानं लॅपटॉप मिटला. मग त्यानं मला जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकत होते.

आदल्या एप्रिलमधली गोष्ट. हॉस्पिटलांची मागणी दुप्पट झाली होती. अट्रॅक्टा त्याच्याकडे आली आणि म्हणाली, पाकिटं बरोबर बंद होत नाहीयेत, उघडताना हाताला सैल लागतायत. त्यानं मशीनवरचे आकडे पाहिले. सगळे ठीक होते. तो म्हणाला, चालू ठेव. तिनं मान हलवली, "नाही ठेवणार" म्हणाली आणि स्वतः बटण दाबून मशीन बंद केलं. तो सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडला. दोन तासांनी कळलं की मशीनचा तापमान मोजणारा भागच बिघडला होता. ती पाकिटं हॉस्पिटलात गेली असती तर आजारी माणसांच्या अंगात काय शिरलं असतं, सांगता येत नाही.

"आणि अहवालात काय लिहिलंस?"

"तपासणीत दोष आढळला."

"कुणाला आढळला?"

तो उठून खिडकीपाशी गेला. माझा पारा चढला. पूर्ण नाव घेऊन मी म्हटलं, "शिफारस करायचीय ना तिची? मग हे लिही. बाकीचं कुणीही लिहील."

"ते लिहिलं तर माझी चूक कागदावर येते, वृंदा. पुढच्या महिन्यात बढतीची यादी आहे."

मलाही ती बढती हवी होती, खोटं कशाला बोलू? पण सकाळी तो नेहमीपेक्षा अर्धा तास आधी निघाला. आधी मॅनेजरकडे जाऊन त्यानं जुना अहवाल दुरुस्त करून घेतला आणि त्यात अट्रॅक्टाचं नाव घातलं. मग पत्र लिहिलं. अर्ध्या पानाचं. 'मी तिला काम चालू ठेवायला सांगितलं. तिनं नकार दिला. मी तिच्यावर ओरडलो. ती बरोबर होती आणि मी चूक होतो. जी माणसं स्वतःसाठी बोलू शकत नाहीत, त्यांच्याजवळ अशी बाई असायला हवी.'

शनिवारी आम्ही तिघं पोस्टाबाहेर भेटलो, मास्क लावून, दोन मीटर लांब. वारा असा की कागद धरवेना. पाकीट चिकटवण्याआधी पद्माकरनं पत्र तिच्यापुढे धरलं. "माझ्याबद्दलचं पत्र मी कसं वाचू?" ती म्हणाली. त्यानं आग्रह केला. तिनं वाचलं, आणि पुन्हा एकदा वरपासून वाचलं.

"म्हणजे मी बरोबर होते हे तुला माहीत होतं," ती म्हणाली. "मला वाटायचं, तू मला अजून आडमुठीच समजतोस. नऊ महिने मला तेच वाटत होतं, पॅडी."

"मी तेव्हाच सांगायला हवं होतं," पद्माकर म्हणाला. गाडीच्या बॉनेटवर ठेवून त्यानं पाकीट चिकटवलं, आडवी सही केली आणि रजिस्टर पोस्टानं पाठवून पावती तिच्या हातात दिली.

बढती हुकली. मला राग आला आणि दोन दिवस मी तो लपवलाही नाही. तिसऱ्या दिवशी माझी मलाच लाज वाटली. पद्माकर मात्र मजेत होता, शिट्टी वाजवत कामावर जात होता.

जुलैमध्ये अट्रॅक्टा आमच्या दारात आली. जागा मिळाली होती. सांगताना ती रडत होती, हसत होती. म्हणाली, मुलाखत ऑनलाइन झाली, तिघं जण होते, तिघांनीही पॅडीचंच पत्र समोर ठेवलं होतं. एका बाईनं विचारलं, साहेबाला नाही म्हणताना भीती नाही वाटली?

"मग तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

"वाटली, म्हटलं. पण हा ओरडला तरी याला नाही म्हणता येतं. हा आधी ओरडतो आणि मग ऐकतो. माझ्या आयुष्यात असा साहेब एकच आला."

पद्माकरचे डोळे भरले होते आणि तो ते पुसतही नव्हता. वीस वर्षांच्या संसारात मला त्याचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता, आणि तसं मी तिथेच, तिच्यासमोर, त्याला सांगून टाकलं.