कप्तान विरुद्ध तांडा

साऱ्या आकाशगंगेत ज्याचा दरारा आहे, ज्याच्या नुसत्या आवाजाने परग्रहांवरचे राजे सिंहासनावरून खाली उतरतात आणि जो एका सीडीत मरून दुसऱ्या सीडीत पुन्हा हसत हजर होतो, त्या तारकायानाच्या कप्तानाला शिक्षा ठोठावण्याची हिंमत अखिल ब्रह्मांडात आजवर एकाच माणसाने केलेली आहे, आणि तो माणूस पुसद तालुक्यातल्या एका तांड्यात राहतो. ते माझे घरमालक. कप्तानाला त्यांनी सतरा वेळा दोषी धरलं, चार वेळा ताकीद देऊन सोडलं आणि एकदा, कप्तान फारच दमलेला दिसत होता म्हणून, पुढची तारीख दिली. कप्तानाला यातलं काही कळलेलं नाही, पण घरमालकांच्या मते त्याने निकालात फरक पडत नाही.

घरमालक तांड्याचे नायक आहेत. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरत. त्या प्रवासाला ते लदेणी म्हणतात आणि हा शब्द उच्चारताना अजूनही त्यांची पाठ ताठ होते. आता बैलांचे तांडे गेले, सोयाबीन आलं, कापूस आला, तूर आली, पण नायकपण राहिलं. तांड्यात भांडण झालं की पंचायत बसते, तिला नसाब म्हणतात, आणि तिथे शेवटचा शब्द नायकाचा. अडचण एवढीच की कित्येक वर्षांत नायकांच्या नसाबीपुढे एकही भांडण आलेलं नव्हतं. लोक तहसीलला जातात, ठाण्यात जातात, नाहीतर मोबाइलवर एकमेकांना दोन दिवस काहीबाही पाठवून गप्प होतात. नायक याने फार कष्टी असत. 'लोकं बिघडले,' ते म्हणत, 'कोणी धड भांडूनच नाही राह्यलं.'

मी तिथला नव्हे. मी वेंगुर्ल्याकडच्या खाडीकाठचा. सातवीत शाळा सोडून दादाच्या होडीवर गेलो, म्हणून लिहिण्यात चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. ही काळजी मला पहिल्या ओळीपासून लागून राहिली आहे. तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी होडी बांधायचं काम माझ्याकडे होतं. मी मारलेली गाठ सुटली, ओहोटीबरोबर होडी वाहत गेली आणि खडकावर आपटून तिच्या फळ्या झाल्या. दादा बाजारातून घरी यायच्या आत मी कोणाला न सांगता एसटीत बसलो, आणि एकाच्या ओळखीने दुसरं काम असं करत करत महिन्याभरात मोबाइलच्या टॉवरचा जनरेटर सांभाळायला या तांड्यात येऊन पोचलो. पंचक्रोशीतले सगळे फोन माझ्या टॉवरवरून जातात. माझा एक फोन तेवढा जात नव्हता. दादाचा नंबर पाठ होता. नऊ आकडे दाबायचो आणि दहाव्याला बोट अडायचं. दादा शिव्या देईल याची भीती नव्हती. तो काहीच बोलणार नाही याची होती.

माझ्या खोलीत आधी राहणारा इंजिनीअर बदली होऊन जाताना सीडी लावायचं यंत्र आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा तिथेच टाकून गेला होता. डब्यात त्या जुन्या इंग्रजी मालिकेच्या पन्नासेक सीड्या. एक भलंमोठं जहाज ताऱ्यांमधून फिरतं, दर भागात एका नव्या ग्रहापाशी थांबतं, तिथे काहीतरी भानगड होते आणि पाऊण तासात ती मिटवून पुढे निघतं. नायकांनी पहिला भाग उभ्यानेच बघायला घेतला. दहाव्या मिनिटाला म्हणाले, 'हे तर लदेणी हाये.' त्यांना सगळं लख्ख दिसलं. जहाज म्हणजे तांडा, कप्तान म्हणजे नायक, त्याच्या शेजारी बसणारा शांत अधिकारी म्हणजे कारभारी, आणि वाटेत भेटणारे हिरवे, निळे, तीन डोळ्यांचे जे कोणी असतील ते सगळे कोर. कोर म्हणजे तांड्याबाहेरचा माणूस. मीही कोरच. 'तुले दोनच डोळे हायेत, तेवढा फरक,' असं त्यांनी मला समजावलं. पण तेवढ्यात कप्तान एका अनोळखी ग्रहावर उतरला आणि नायक म्हणाले, 'बंद कर. दुसऱ्याच्या शिवारात उतरला, पाटलाले इचारलं का यानं? पाणी कुठं भरू, मुक्काम कुठं करू, काही इचारलं? डायरेक बंदूक काढली.' त्याच संध्याकाळी, कितीतरी वर्षांनी, नसाब बसली.

आता आरोपी गैरहजर म्हटल्यावर त्याच्या बाजूने बोलायला कोणीतरी हवं. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय नायक निकाल देत नाहीत. त्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. 'हा दर्याचा माणूस. याले जहाजाचं समजते.' मी म्हटलं, बापू, आमची होडी वल्ह्याची होती. ते म्हणाले, 'पाणी काय अन् आभाळ काय, दोन्हीत पाय टेकत नाही.' झालं. शाळेत हजेरीला 'उपस्थित' म्हणताना ज्याचा आवाज फुटत नसे, तो मी ब्रह्मांडातल्या सर्वांत शूर माणसाचा वकील झालो. माझं इंग्रजी इंजिनच्या ऑइलच्या डब्यावर लिहिलेलं असतं तेवढंच. त्यामुळे कप्तान काय बोलला हे मी त्याच्या तोंडाकडे बघून ठरवायचो आणि शक्यतो त्याच्या फायद्याचं ठरवायचो. एकदा मी पंचांना सांगितलं की कप्तानाने त्या गावच्या पाटलाची रीतसर माफी मागितली आहे, आणि पुढच्याच मिनिटाला कप्तानाने पाटलाचं घर उडवलं. त्या दिवशी कप्तानाबरोबर मलाही ताकीद मिळाली.

खुर्चीचं सांगायला हवं. जहाजावर कप्तानाची एक गोल फिरणारी खुर्ची आहे. नायकांनी ती बघितली आणि पुढच्या बाजाराला पुसदच्या एका न्हाव्याकडून त्याची जुनी खुर्ची टेम्पोत घालून आणली. ती ओसरीवर मांडून नसाब चालायची. खुर्ची फिरायची छान, पण तिच्यातला दाब गेलेला होता. नायक बसले की ती मुंगीच्या गतीने खाली जायची. खटला सुरू होताना ते आम्हा सगळ्यांच्या वर दिसत, साक्षी होईपर्यंत आमच्या बरोबरीला येत आणि निकाल देताना त्यांची हनुवटी गुडघ्यांच्या आसपास असे. कोणी हसत नसे. तांड्याच्या कारभाऱ्यांनी एकदा सुचवलं की निकाल जरा लवकर दिला तर शोभेल, तर नायक म्हणाले, 'कायद्याले घाई नसते. खुर्चीले हाये, तर खुर्ची जावो.'

हे कारभारी नायकांचे बालमित्र आणि फिर्यादी पक्ष. पडद्यावरच्या कारभाऱ्याचा त्यांना एवढा अभिमान की तो नुसता भुवई उचलू लागला तरी ते इकडे फेटा सारखा करत. गुन्हा कोणताही असो, त्यांची मागणी ठरलेली: 'कप्तानाले हटवा, कारभाऱ्याले गादी द्या.' नायकांच्या पत्नीला सगळा तांडा याडी, म्हणजे आई, म्हणतो. याडीला ना कप्तान पसंत होता ना कारभारी. तिचा आक्षेप मुळावरच होता. 'चारशे माणूस जहाजात. चूल कुठं हाये?' मी दाखवलं की याडी, बघ, बटन दाबलं की भिंतीतून ताट येतं. तिने ते नीट बघितलं. 'मंग त्या भितीमागं कोणीतरी बाई बसून हाये,' ती म्हणाली. 'तिले कधी भाईर काढत नाहीत. हा खटला कोण चालवंल?' त्यावर नायकांनी कप्तानाला कसून दोषी धरलं आणि ती शिक्षा सगळ्यांत मोठी झाली: आठ दिवस बंदी.

बंदी म्हणजे काय तर तेवढे दिवस कप्तानाचं तोंड बघायचं नाही. मालिका बघायची, पण कप्तान पडद्यावर आला की वकिलाने, म्हणजे मी, ती पुढे पळवायची. पाऊण तासाचा भाग अकरा मिनिटांत उरकू लागला. पाच दिवस आम्ही रिकामे बोळ, बंद होणारी दारं, लुकलुकणारे दिवे आणि एकदा सलग तीन मिनिटं नुसतं आकाश बघितलं. कारभारी खूश होते. 'किती शांततेनं चालून राह्यलं जहाज,' ते म्हणायचे. नायक मात्र पाचव्या दिवसापासून अस्वस्थ झाले, आणि सहाव्या दिवशी चांगल्या वर्तणुकीबद्दल त्यांनी कप्तानाची उरलेली शिक्षा माफ केली.

कप्तान रोज प्रवासाची नोंद बोलून ठेवतो, ही एक गोष्ट मात्र नायकांना पटली होती. तेव्हापासून ते सकाळी दात घासून झाले की अंगणात उभे राहून, कोणाकडेही न बघता, खड्या आवाजात नोंद देत. 'आज मंगळवार. तुरीले फूल आलं. कारभाऱ्याचा गुडघा दुखून राह्यला, पण तो कबूल करत नाही. लाइन गेलती, आली. टॉवरवाला अजून झोपून हाये.' ही नोंद अर्ध्या तांड्याला ऐकू जाई आणि मी गोधडीतून उडी मारून उठत असे. इतक्या लांबच्या मुलुखात आपण उठलो की नाही याची रोज कोणी दखल घेतंय, हे मला लाजिरवाणंही वाटायचं आणि फार बरंही वाटायचं.

मागच्या हिवाळ्यात, तुरीला शेंगा धरल्या होत्या तेव्हा, एक वेगळीच सीडी लागली. तीत कप्तानाचं फारसं काम नव्हतं. जहाजावरच्या एका साध्या खलाशाला एक लहान यान सांभाळायला दिलेलं असतं. त्याच्या हातून ते सुटतं, भरकटतं आणि एका उल्केवर आपटून त्याचा चुरा होतो. खलाशी कप्तानापुढे यायचं सोडून जहाजाच्या तळाशी पिंपांमागे जाऊन लपतो. कारभारी उभे राहिले. 'यान मोडलं ते सोडा. तोंड लपवलं, हा गुन्हा.' मग सगळे वकिलाकडे बघू लागले. मी उठलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला बोलणं थांबवता येईना. मी म्हणालो, पंचांनो, त्याने मुद्दाम नाही केलं. त्याला वाटलं गाठ पक्की आहे. रस्सी ओली होती, वारा जमिनीवरून होता, अंधारून आलं होतं. ओहोटी एवढ्या जोराची लागेल हे त्याला कसं कळणार.

कारभारी सावकाश म्हणाले, 'आभाळात ओहोटी कोठून आली, वकीलसाहेब?'

नायक खुर्चीतून उतरून माझ्यासमोर जमिनीवर बसले. 'गाठ कोणी मारलती?'

'मी.'

'होडी कोणाची?'

'दादाची.'

'आत कोणी बसेल होतं?'

'नाही.'

'मंग जीव कोणाचा गेला?'

'कोणाचाच नाही.'

'मंग तू तीन वर्षं मेल्यावानी काहून राह्यला?'

याडी मध्येच म्हणाली, 'याच्या मायले मालूम तरी हाये का, हा जित्ता हाये म्हून?'

मी नायकांकडे बघत होतो. इतक्या वर्षांनी त्यांच्या नसाबीपुढे एक खरा, हाडामासाचा आरोपी बसला होता, आणि त्याने गुन्हा कबूलही केला होता. त्यांचे डोळे असे उजळले होते की कप्तानाने ते बघितले असते तर त्याला मत्सर वाटला असता. खोटं कशाला सांगू, मी थोडा सुटल्यासारखा झालो होतो. निदान कोणीतरी आता शिक्षा देणार होतं. नायकांनी बराच वेळ जमिनीवर बोटाने रेघ ओढली, पुसली, परत ओढली. मग म्हणाले, 'हा खटला आपला नाही.'

'काहून?' कारभारी म्हणाले. 'कबूल केलं न त्यानं.'

'केलं. पण होडी त्याच्या भावाची. ज्याचं नुकसान, नसाब त्याच्या दारात. आपण कायले दुसऱ्याचा न्याय करावा?' त्यांनी माझ्यापुढे हात केला. 'फोन दे. नंबर बोल.'

मी बोललो. दहाच्या दहा आकडे.

'हॅलो,' नायक अंगणात सकाळची नोंद देतात त्याच आवाजात म्हणाले, 'मी पुसदकडल्या एका तांड्याचा नायक बोलून राह्यलो. तुमचा एक माणूस तीन वर्षांपासून आमच्याकडं हाये. तब्येत बरी हाये. मी त्याचा वकील हाये.' पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही, पण नायक थांबलेच नाहीत. रस्सी ओली होती. वारा जमिनीवरून होता. या माणसाने जन्मात समुद्र बघितलेला नाही, पण ओहोटी किती दगाबाज असते हे त्याने माझ्या दादाला, जो खाडीतच वाढला, सात-आठ मिनिटं समजावून सांगितलं. माझीच वाक्यं होती. त्यांच्या तोंडून मला ती पहिल्यांदा खरी वाटली. मग त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

दादा बराच वेळ गप्प होता. मला ज्याची भीती होती तेच चाललं होतं. मग तो म्हणाला, 'गाठ खंयची मारललंस?'

'साधीच.'

'आणि मी शिकवलेली?'

'विसारलंय.'

'बरा. घराक ये. परत दाखवतंय.' आणि आईने फोन ओढून घेतला. ती काय बोलली ते इथे लिहीत नाही, कारण तिने श्वास घ्यायला जागाच ठेवली नव्हती.

शिमग्याला घरी जाऊन आलो. दादाने नव्या होडीपाशी उभं करून माझ्याकडून ती गाठ चाळीस वेळा मारून घेतली, आणि तीच माझी शिक्षा, असं त्याने जाहीर केलं. टॉवरसाठी परत आलो खरा, पण खरं कारण टॉवर नव्हतं. आता दर रविवारी दादा फोनवर आधी कप्तानाचं काय झालं ते विचारतो. कप्तानाचं बरं चाललंय. डब्यात सातच सीड्या उरल्या आहेत आणि त्यांतल्या दोहोंवर चरे पडलेत, म्हणून नायक हल्ली आठवड्याला एकच खटला घेतात आणि निकाल लांबवतात. खऱ्या भांडणासाठी मात्र त्यानंतर कोणी त्यांच्या ओसरीवर आलेलं नाही.

कधी कधी दुपारी मी जनरेटरपाशी बसलेलो असताना ते येतात. थोडा वेळ तुरीचं बोलतात, गुडघ्याचं बोलतात. मग हळूच विचारतात, 'अजून काही लपवून ठेवेल तर नाही ना? असंल तर सांग. लाजू नको.' त्यांच्या आवाजात इतकी आशा असते की मी खरोखर मागचं सगळं आठवून बघतो, लहानपणापासून. काही सापडत नाही. 'नाही, बापू,' मी म्हणतो, आणि ते 'बरं झालं, बरं झालं' म्हणत सावकाश घराकडे चालू लागतात. त्यांच्या पाठीकडे बघताना मला वाटतं, या माणसाला द्यायला आपल्याकडे एखादा तरी लहानसा गुन्हा असायला हवा होता.